क्रिकेटच्या मैदानावरच्या बाभळी

लग्नपत्रिकेवर हॉलचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि खाली बारीक टाइपात पत्ता: नौबाद, बिदर. चुलत भावाचं लग्न. घरच्या लग्नाची पत्रिका आपण जितपत वाचतो तितपत वाचली, रजा टाकली आणि पुण्याहून निघाले. रिक्षा फाटकाशी थांबेपर्यंत माझ्या काही म्हणता काही ध्यानात आलं नाही. झेंडूच्या कमानीखालून आत शिरले, दोन्ही बाजूंचे जांभ्या दगडाचे खांब दिसले, आणि मी चक्क मोजे वर ओढायला वाकले. तिशीला टेकलेली बाई, अंगावर काठापदराची साडी, हातात आहेराची पिशवी, आणि भर फाटकात मोजे ओढतेय! पायांत मोजे नव्हतेच. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “काय पडलं गं, लेकी?” मी म्हणाले, “काही न्हाई, मावशी.”

या खांबांमधून आत येणाऱ्या प्रत्येक मुलीचे मोजे गुडघ्याला भिडलेले हवेत, असा नियम होता. शाळा बंद पडली, तिचा फंक्शन हॉल झाला, तरी माझ्या हातांना ते कुणी कळवलं नव्हतं.

आमच्या भागात तिला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणत. बिदरचेच एक गृहस्थ पुष्कळ वर्षं इंग्लंडात राहून परतले होते. तिथल्या कुठल्याशा शाळेवर त्यांचा जीव जडला होता आणि तीच शाळा त्यांना नौबादच्या तांबड्या माळावर हवी होती. त्यांना आम्ही चेअरमन सर म्हणायचो. त्यांनी कशात कसर ठेवली नाही. यॉर्क, ट्युडर, विंडसर आणि लँकेस्टर अशी चार हाऊसं. मार्चच्या उन्हात ब्लेझर आणि टाय. जेवणाआधी उभं राहून इंग्रजीत देवाचे आभार, मग उकडलेला कोबी, आणि शेवटी ते पिवळंधमक कस्टर्ड, जे पहिल्या दिवशी बघून मला वाटलं होतं की कुणीतरी पिठल्यात साखर घालून त्याची वाट लावली आहे. इंटरनॅशनल म्हणावीत अशी आमच्यात दोनच मुलं होती. भालकीची भावंडं, त्यांचे वडील मस्कतला होते. बाकी सगळी हुमनाबाद, औराद, आळंद, उदगीरकडची, डॉक्टरांची, वकिलांची, कंत्राटदारांची.

आणि मी. राजेश्वरच्या धनगराची.

मी तिथं कशी पोचले ते मला आजही धड सांगता येत नाही. खेड्यातल्या दोन मुलांना फुकट शिकवावं असं चेअरमन सरांच्या मनात आलं, आमच्या मराठी शाळेतल्या गुरुजींनी माझा अर्ज भरला आणि वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतकरी’ असं लिहून टाकलं. खोटं नव्हतं ते. दोन एकर होतंच. पण दिवाळी झाली की अप्पा मेंढरं घेऊन निघायचा, तो पाऊसकाळ तोंडावर आला की परतायचा. मधले महिने त्याचं घर म्हणजे खांद्यावरचं घोंगडं. मेंढपाळ असं लिहिलं असतं तरी चाललं असतं, असं आज वाटतं. गुरुजींना तसं वाटलं नाही, आणि मग हळूहळू मलाही वाटेनासं झालं.

शाळेनं पाठवलेल्या यादीत होतं की प्रत्येक कपड्यावर मुलीचा नंबर शिवावा. माझा नंबर अडतीस. मायनं उंबऱ्यात बसून मोज्यांवर, टॉवेलवर, रुमालांवर लाल दोऱ्यानं अडतीस काढले. अप्पा शेजारी बसून बघत होता.

“मेंढरांच्या कानाला खूण करतेत, तसंच हाय की हे,” तो म्हणाला. “हरवलं तर कळंल कुणाचं हाय ते.”

आम्ही सगळे हसलो. मीही पोट धरून हसले.

महिन्याचा पहिला रविवार भेटीचा. सकाळपासून फाटकात मारुती गाड्या लागायच्या. आया डबे घेऊन उतरायच्या आणि आवारभर तुपाचा, अत्तराचा आणि पेट्रोलचा असा एक मिसळलेला वास भरून राहायचा. मला अजून कधी कुठल्या पेट्रोल पंपावर तो वास आला की भूक लागते. माझ्या पहिल्या रविवारी अप्पा आणि तात्या दोघं आले. तात्या म्हणजे अप्पाचा धाकटा भाऊ, बसवर कंडक्टर. ज्याच्या मुलाचं आज लग्न, तो. तात्याच्या अंगात पँट-शर्ट. अप्पाचं धोतर, तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, पायांवर वाटेची सगळी माती. मी धावत सुटले. फाटकाजवळ पोचले तर माझ्या मागून वर्गातल्या दोघी आल्याच, कोण आलंय ते बघायला. आणि मी दबक्या आवाजात म्हणाले, “अप्पा, तू आत येऊ नको. तात्याला पाठव.”

मी अकरा वर्षांची होते. वय सांगून मी सुटका करून घेत नाहीये. ते वाक्य माझंच होतं.

अप्पानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या दोघींकडे, मग स्वतःच्या पायांकडे. “व्हय व्हय,” तो म्हणाला, “मला बी बाजारात काम हाय.” आणि वळला. त्यानंतर दर महिन्याला तात्याच यायचा, खिशाला पेन लावून. सगळ्यांनी धरून चाललं की तेच माझे वडील. “तुझे डॅडी किती शांत आहेत गं!” असं मुली इंग्रजीत म्हणायच्या. मी हो म्हणायचे. तात्या खरंच शांत होता. बिचाऱ्याला तिथं बोलायचीच भीती वाटायची.

दिवाळीची सुटी संपवून मी परतले आणि काही दिवसांनी मेंढरं आली.

संध्याकाळी खेळाचा तास असायचा. मुलं क्रिकेट खेळायची, आम्हा मुलींना कडेला चेंडू अडवायला उभं करायची, आणि मी नेहमी अशी जागा धरायचे जिथं चेंडू येण्याची शक्यता कमी. तारेच्या कुंपणापलीकडून घंटीचा किणकिणाट आला. मग वास. लोकर, धूर, लेंड्या आणि आंबट ताक यांचा तो वास कुणाला सांगून समजणार नाही. मला मागे वळायची गरजच पडली नाही. नेमका तेव्हाच आलेला चेंडू हातातून निसटला आणि यॉर्क हाऊसला चार धावा खायला लागल्या.

अप्पा कुंपणाच्या पलीकडे उभा होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो एका मेंढीशी बोलत होता. तिच्या कानावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव बुगडी. रांगत्या पोरीसारखी ती त्याच्या पायात पायात असायची.

“काय गं,” अप्पा बुगडीला म्हणाला, “रोडायलीस की लई. जेवायलीस का नीट?”

मी मैदानाकडे तोंड करून उभी होते. ओठ न हलवता म्हणाले, “व्हय.”

“थंडी वाजायली का तिथं?”

“न्हाई. ब्लँकेट हाय.”

“तुझी माय बरी हाय. धाकट्याला दात आलेत,” अप्पा बुगडीला म्हणाला. बुगडीनं मान हलवली, घंटी वाजली, आणि मैदानातून कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं. मी चेंडूमागं धावले. परत आले तेव्हा कुंपणाच्या खांबाशी पळसाच्या पानात बांधलेले धपाटे होते आणि मेंढरं पार पुढं गेली होती.

असं तीन हिवाळे चाललं. अप्पाचा कळप कधी चार दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी त्या वाटेला लागायचा आणि बुगडीला घरच्या सगळ्या बातम्या मिळायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या विहिरीला पाणी लागलं, आजोळच्या जत्रेत कोण पडलं. खांबाशी कधी शेंगदाण्याची चटणी असायची, कधी बोरं, कधी हुरडा. मी ते सगळं ब्लेझरच्या खिशात कोंबायचे. माझ्या ब्लेझरला कायम चटणीचा वास यायचा आणि शेजारची मुलगी नाक मुरडायची. आज कुणी मला विचारलं की तुझं बालपण कशात ठेवलंय, तर मी तो खिसा दाखवीन.

रविवारी सकाळी घरी पत्र लिहायचा तास असे. फळ्यावर मजकूर तयार असायचा, आम्ही इंग्रजीत उतरवायचो: प्रिय वडील, मी मजेत आहे, आपणही मजेत असाल अशी आशा करते, या आठवड्यात आमच्या हाऊसला इतके पॉइंट मिळाले. बाई तपासायच्या, पाकिटात घालायच्या. मी तीन वर्षं अप्पाला इंग्रजीत पत्रं पाठवली. एकदा त्यानं बुगडीच्या गळ्याखाली खाजवत तिला सांगितलं, “तुझा कागद आलता गं. वाचाया कुणाला येत न्हाई. पर अक्षर लई देखणं हाय.” मला इतकं हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, आणि मला रुमाल काढावा लागला, अडतीस नंबरचा.

चेअरमन सरांच्या इंग्लंडात फक्त एका गोष्टीची उणीव होती. हिरवळीची. मैदानात पाइपनं पाणी सोडून, बी आणून, सगळं करून झालं, तरी तांबडी माती वर यायचीच. आमच्या प्रिन्सिपल मिसेस पिंटो. उटीकडच्या, पांढरे आखूड केस, फिकट साड्या. वाईट बाई नव्हत्या. कुणाला ताप आला तर स्वतः उशाशी येऊन बसायच्या. पण मैदानाकडे बघून त्या असा उसासा टाकायच्या की माळी गफूरचाचांना तिथून पळून जावंसं वाटायचं. शेवटी गफूरचाचांनीच उपाय सुचवला. “मेंढरां बिठाओ मॅडम. पाँच दिन बिठाओ, फिर देखो घास कैसी आती.” आमच्याकडे शेतात खतासाठी मेंढरं बसवतात, रात्री कळप जाळीत कोंडायचा, सकाळी जाळी उचलून पुढच्या तुकड्यावर न्यायची. मिसेस पिंटोंना ही कल्पना फारच आवडली. इंग्लंडातही पूर्वी असंच करत, असं चेअरमन सर म्हणाले म्हणे.

गफूरचाचांनी ज्या धनगराला बोलावलं, तो अप्पा होता. योगायोग असेल असं मी तेव्हा धरून चालले.

मार्चच्या सुरुवातीचे ते पाच दिवस. मी सकाळी खिडकी उघडली की मैदानावर जाळी, जाळीत मेंढरं, आणि चुलीच्या धुरातून चहाच्या भांड्यावर वाकलेला अप्पा. प्रार्थनेला आम्ही ओळीत उभे राहायचो, पियानो वाजायचा, सगळी शाळा इंग्रजीत देवाची स्तुती करायची आणि मधेच शंभर मेंढरं एकदम बें करायची. मुलं हसून लोळायची. वसतिगृहात वास शिरला म्हणून मुली रुमाल नाकाशी धरून फिरायच्या. मीही धरायचे, सगळ्यांसारखा. रुमालाआडून मी खोल खोल श्वास घ्यायचे.

दिवसासुद्धा मेंढरं कुठं जायची नाहीत. गोणीतून कसल्याशा शेंगा अप्पा त्यांच्यापुढं ओतायचा आणि ती तिथंच बसून रवंथ करायची. मधल्या सुटीत, खेळाच्या तासाला, पाचच्या दुधाच्या वेळी, मी बाहेर आले की अप्पा दिसायचाच. आमचं काही बोलणं होत नव्हतं, आजूबाजूला फार माणसं होती. नुसतं दिसायचं. ते मला पुरायचं. पाच दिवसांत माझं वजन वाढलं असेल.

मेंढरं पुढच्या गावाला गेली आणि पाणी सोडल्यावर दोनेक आठवड्यांत मैदान खरंच हिरवं झालं. चेअरमन सर येऊन बघून गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गवतातून दुसरंच काही वर येतंय. इवली इवली, नाजूक पानांची, आणि बुंध्याशी बोट लावलं तर टोचणारी. बाभळी. साऱ्या मैदानभर. मेंढरांनी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या होत्या, आणि लेंड्यांतून बिया मैदानावरच टाकल्या होत्या.

मार्च संपता संपता अप्पा ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा मेंढरं बसवायला परत आला, तो मिसेस पिंटोंच्या तावडीत सापडला. आमचा भूगोलाचा तास चालू होता. शिपाई सांगत आला, मॅडमना त्या मेंढरवाल्याशी बोलायचंय, त्याची भाषा येणारं कुणीतरी हवंय. मॅडमना इंग्रजी, तमिळ आणि कामापुरत्या हिंदीपलीकडे काही येत नव्हतं, आणि गफूरचाचांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता. शेजारची मुलगी मला कोपरानं ढोसून म्हणाली, “मिस, हिला येते.” त्या शाळेत मराठी बोललं की नाव लिहून घेत. त्या दिवशी मला मराठी बोलायचा हुकूम झाला.

अप्पा मैदानाच्या कडेला उभा होता. चपला काढून ठेवल्या होत्या. कळप फाटकाबाहेर होता, फक्त बुगडी तेवढी त्याच्या पायाशी. त्यानं मला येताना बघितलं आणि लगेच खाली बघितलं. मी जवळ गेल्यावर त्यानं हात जोडले. “नमस्कार, ताई,” म्हणाला.

मिसेस पिंटो बोलू लागल्या आणि मी सांगू लागले. “मॅडम म्हणतात, तुम्ही मैदान खराब केलंत.” जन्मात पहिल्यांदा मी अप्पाला ‘तुम्ही’ म्हटलं. माझा आवाज इतका स्वच्छ येत होता की मलाच नवल वाटलं.

“चुकलं म्हणावं,” अप्पा म्हणाला. “शेंगा खाल्ल्या मेंढरांनी.”

मॅडमनी विचारलं, याचा हा पिढीजात धंदा आहे ना, मग याला एवढंही कळू नये? मी विचारलं. अप्पा वाकला, बुगडीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला म्हणाला, “जेवायलीस का गं नीट? डोळे कामून खोल गेलेत?”

“काय म्हणतोय तो?” मिसेस पिंटोंनी मला इंग्रजीत विचारलं.

“ही सेज ही इज सॉरी, मिस,” मी म्हणाले.

पुन्हा जनावरं घेऊन इकडं यायचं नाही, असं त्याला सांग, म्हणाल्या. तेही मी सांगितलं. अप्पानं मान डोलावली, कुंपणाबाहेर जाऊन चपला घातल्या आणि चालू लागला. मिसेस पिंटोंनी माझ्या खांद्यावर थोपटलं. किती स्पष्ट बोललीस, म्हणाल्या, आणि यॉर्क हाऊसला दोन पॉइंट दिले. व्हरांड्यातल्या फळ्यावर ते आठवडाभर खडूनं लिहिलेले होते. मी त्या आठवड्यात व्हरांड्यातून न जाता मागच्या जिन्यानं जेवायला जायचे.

पुढच्या शनिवारी साऱ्या शाळेला बाभळी उपटायला लावलं. प्रत्येकाला एकेक पट्टा आखून दिला होता. माझ्या वाट्याला कुंपणालगतचा आला. बोटांतून रक्त येईस्तोवर मी उपटत राहिले. तीन रोपं मात्र उपटली नाहीत. खांबाशी, जिथं धपाटे असायचे तिथं होती ती. त्यांच्यावर मी गवत लोटून ठेवलं. कशासाठी, ते मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्यानंतर अप्पाची मेंढरं नौबादच्या वाटेला आली नाहीत. तिकडं चारा उरला न्हाई, असं तो घरी म्हणाला. मी दहावीपर्यंत तिथं शिकले. खेळाच्या तासाला मी तीच जागा धरायचे, आणि कितीदा तरी घंटी ऐकू आल्यासारखी वाटून मागे बघायचे. पलीकडे नुसता तांबडा माळ. सुटीत घरी गेले की अप्पा ताटात भाकरीवर भाकरी वाढायचा, पण त्या दिवसाबद्दल त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही, आणि मीही नाही. पुढं त्या इंग्रजीवरच मला पुण्यात नोकरी लागली. दिवसभर कानाला लावलेल्या फोनमधून मी परदेशातल्या माणसांचं ऐकून घेते आणि सॉरी म्हणते. फार स्पष्ट बोलते मी, असं सगळे म्हणतात.

तर आता इथं लग्न होतं. जेवणघराचं जेवणघरच राहिलं होतं, फक्त कोबीच्या जागी गव्हाच्या खिरीचा, हुग्गीचा, आणि तुपात परतलेल्या काजूचा वास होता, आणि भिंतीवरच्या गुलाबी रंगाखालून ‘यॉर्क’ची पहिली दोन अक्षरं अजून डोकावत होती. अक्षता पडल्या. तात्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी अप्पाला शोधायला लागले. सकाळी तो गावच्या वऱ्हाडाबरोबर टेंपोतून आला होता, मग दिसला नव्हता. स्टेजजवळ नाही, पंगतीत नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मैदानाचं पार्किंग झालं आहे. गवताचं पातं नाही. पण कुंपणापाशी तीन बाभळी आहेत, चांगल्या दोन माणूस उंच, आणि सगळ्या आवारात तेवढीच काय ती सावली. त्या सावलीत अप्पा बसला होता. पांढरं धुवट धोतर, नवा पटका. खाली पडलेल्या शेंगा वेचून तो टॉवेलात टाकत होता. मेंढरं कधीच विकली. दारात आता चार आहेत, तीही सवयीपुरती.

मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. “वळकलास का ही झाडं?” मी विचारलं.

“वळकत न्हाई कसा?” त्यानं एक शेंग सोलून बी तळहातावर घेतलं. “समदी उपटली म्हणं. ही तीन कशी राहिली कोण जाणं.”

“म्या ठिवली.”

अप्पानं मान वर करून बघितलं. मी विचारलं, “अप्पा, तवा मॅडमनं विचारलं ते खरं सांग. शेंगा खाल्ल्या की बिया पडतेत, हे तुला ठाव नव्हतं?”

“धनगराच्या पोटी जल्मून ठाव नसंल व्हय?” तो हसला. “माळावर चाराया नेलं असतं, तर दिवसभर लांब राहावं लागलं असतं. शेंगा पुढ्यात टाकल्या की मेंढरं जागची हालत न्हाईत. मला तिथंच राहाया गावलं.” तो पुन्हा शेंगा वेचायला लागला. “पाच दिस तू दिसलीस. सकाळी बी, दुपारी बी. पुढचं कुणी बघितलं?”

त्याच्या त्या थकल्या, काळ्या बोटांकडे बघत मी उभी राहिले. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी केलेली सगळ्यात मोठी चूक माझ्या डोक्यावर सावली धरून उभी होती. आणि तिच्याबद्दल मी त्याच्या नावानं माफी मागितली होती, माझ्या स्वच्छ इंग्रजीत.

तेवढ्यात हॉलचा मॅनेजर लगबगीनं आला. तरुण पोरगा, गळ्यात टाय. “अज्जा, इथं बसायचं न्हाई. गाड्या लागायल्यात. उठा बघू.” मग माझी साडी, हातातली पर्स बघून आवाज बदलून इंग्रजीत म्हणाला, “सॉरी मॅडम, हा तुम्हाला त्रास देतोय का?”

अप्पाला त्यातलं काही कळलं नाही, आणि सगळं कळलं. तो गुडघ्यावर हात रेटून उठला. माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत मॅनेजरला म्हणाला, “चाललो साहेब. ह्या ताईंना काय तरास दिला न्हाई म्या.” आणि मग मला, तितक्याच हळू, “तुमी आत जावा ताई. ऊन लागायलंय.”

इतकी वर्षं झाली, तरी त्याचं ते पाठ होतं.

“ही इज माय फादर,” मी म्हणाले. फारच मोठ्यानं निघालं ते. गाडी लावणारे दोन ड्रायव्हर वळून बघायला लागले. मी अप्पाचा हात धरला आणि पुन्हा म्हणाले, “माय फादर.” मॅनेजर गडबडला, सॉरी सॉरी म्हणत खुर्ची आणायला पळाला.

“काय म्हणलीस गं त्याला?” अप्पानं विचारलं.

मी त्याला मराठीत सांगितलं.

शेंगांच्या टॉवेलाला त्यानं एक गाठ मारली, मग त्याच गाठीवर दुसरी. मग इकडं तिकडं, खाली, कुठंही न बघता त्यानं सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या आवारात पहिल्यांदाच.

“जेवलीस का?” त्यानं विचारलं.

“न्हाई अजून,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी थांबलेय.”